सदस्य येत नाहीत, कारण त्यांच्या हातात नक्कल नाही

प्रश्न असा आला आहे. फोंडा तालुक्यातल्या एका सेवा-क्लबच्या एक ताई येत्या १ जुलैपासून अध्यक्ष होणार आहेत, क्लबच्या पहिल्या महिला अध्यक्ष. सदस्य ३८, सभेला येतात बारा-तेरा. गेल्या वर्षीच्या अहवालात ४१ उपक्रम आहेत, पण राबली ती तीच चार माणसे. त्या विचारतात: सदस्यांना सक्रिय कसे करू, वर्षाची ध्येये कोणती ठेवू, लोकांच्या लक्षात राहील असे एखादे मोठे काम कोणते घेऊ? जाता जाता पदग्रहणासाठी मोठा हॉल घ्यावा का, हेही विचारले आहे.

ताई, मी डिचोलीत औषधांचे दुकान चालवतो. अशाच एका क्लबात तेवीस वर्षे आहे. दोनदा सचिव झालो, दोनदा अध्यक्ष. पहिले अध्यक्षपद कागदावर झकास गेले, क्लबांच्या संघटनेच्या जिल्हा पातळीवरच्या परिषदेत ढालही मिळाली, आणि प्रत्यक्षात ते फसले होते. दुसऱ्या खेपेला ढाल मिळाली नाही, पण त्या वर्षी सुरू झालेले एक काम अजून चालू आहे. या दोन वर्षांत काय वेगळे केले, तेवढेच माझ्याकडे सांगण्यासारखे आहे. क्लब रोटरीचा असो, लायन्सचा असो वा गावातल्याच मंडळींनी काढलेला, दुखणे बहुतेक सारखेच असते.

तुम्ही विचारता ‘सक्रिय कसे करू’. मी तुमचे आकडे पुन्हा वाचले. ४१ उपक्रम चार माणसांनी केले, म्हणजे उरलेल्या ३४ जणांना करायला काही उरलेच नव्हते. त्यांच्याकडून आपण मागतो काय? वर्षाची वर्गणी, सभेला हजेरी, शिबिराच्या दिवशी बॅनरमागे उभे राहणे आणि टाळ्या. पन्नाशीचा, स्वतःचा धंदा उभा केलेला माणूस टाळ्या वाजवायला किती दिवस येईल? त्याला आळशी म्हणायची घाई करू नका. तोच माणूस गावच्या जत्रेच्या नाटकात महिनाभर रात्री अकरापर्यंत तालमीला हजर असतो.

ही तुलना मुद्दाम करतोय. आपल्या गावांत जत्रेला, कालोत्सवाला गावचीच माणसे मराठी नाटक उभे करतात. दिवसभर दुकान, कुळागर, नोकरी सांभाळायची आणि रात्री देवळाच्या चौकात तालीम. पैसे मिळत नाहीत, उलट पदरचे जातात. तरी कोणी चुकत नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वी प्रत्येकाला अख्खी संहिता मिळत नसे. ज्याच्या त्याच्या भूमिकेपुरती वाक्ये वहीत उतरवून दिली जात, तिला नक्कल म्हणत. शिपायाच्या वाट्याला दोनच वाक्ये असली तरी त्याच्या हातात नक्कल असे. आपण नाही गेलो तर ती दोन वाक्ये कोणी बोलणार नाही आणि राजा दरबारात ताटकळत बसेल, हे त्याला ठाऊक असे. क्लबात मात्र चार जणांकडे अख्खे नाटक आणि बाकीचे प्रेक्षागृहात. वर आपण तक्रार करतो, की प्रेक्षक रंगमंचावर का येत नाहीत.

माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केले. सगळे स्वतः. हॉल मी ठरवला, डॉक्टर मी आणले, वर्तमानपत्राला फोटो मी पाठवले. दुसरे कोणी करतच नाही, अशी कुरकुरही मीच केली. मे महिन्यात एका सदस्याने सहज म्हटले, “तू विचारलेच कधी?” तेव्हा राग आला. पुढे बऱ्याच दिवसांनी कळले, की त्याचे बरोबर होते.

दुसऱ्या खेपेला पद घेण्याआधी, एप्रिल-मेमध्ये, मी प्रत्येक सदस्याच्या दुकानात किंवा घरी जाऊन आलो. आम्ही २९ होतो, सात आठवडे लागले. सोप्यावर बसून चहा, आणि तीनच गोष्टी विचारायच्या. तुला येते काय? वेळ कधी असतो? आणि आजवर क्लबातले कोणते काम करताना तुला बरे वाटले? तिसऱ्याला बरेच जण गप्प बसले, आणि ते गप्प बसणेच मला सगळ्यात जास्त सांगून गेले. उत्तरे मात्र मोलाची मिळाली. एक निवृत्त तलाठी होते, त्यांना कोणत्या योजनेचा अर्ज कुठल्या खिडकीवर अडतो ते पाठ होते. एकाची खाणीच्या दिवसांत बार्जदुरुस्तीची कर्मशाळा होती, पंप आणि मोटारी तो डोळे मिटून उघडायचा. एक बाई रोज पहाटे पाचला उठत आणि आठनंतर त्यांना क्षणाची उसंत नसे, म्हणजे संध्याकाळच्या सभेला त्या कधीच येणार नव्हत्या. सात वर्षांत तीनदा सभेला आलेला एक गॅरेजवाला म्हणाला, “म्हाका काम सांग, मीटिंग नाका.” ती वही अजून माझ्याकडे आहे.

मग कामे वाटली. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यावर बरेच अवलंबून असते. ‘तुम्ही आरोग्य समितीवर’ असे सांगितले तर ते काम होत नाही, ते पद होते. काम म्हणजे: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सातला अमक्या वाड्यावरून दोन माणसांना गाडीतून न्यायचे आणि दुपारी परत सोडायचे, डिसेंबरपर्यंत.’ काय, कधी, किती वेळ आणि कधी संपणार, चारही सांगा. शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. माणसे कामाला घाबरत नाहीत, ते गळ्यात कायमचे पडेल याला घाबरतात. आणि सांगायचे ते फोन करून, एकेकट्याला. ‘रविवारी कोण कोण येणार?’ असा संदेश व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की अकरा अंगठे येतात आणि माणसे येतात तीन. अंगठा दाखवणाऱ्याला वाटते, बाकीचे दहा आहेतच की.

आता ध्येये. पाटीभर घेऊ नका. एक मुख्य काम, त्याच्या जोडीला एखाद-दुसरे छोटे, बस्स. संघटनेच्या जिल्ह्याकडून येणाऱ्या यादीत बरेच काही असते, त्यातले जे सहज होईल ते करा आणि कळवा. पण क्लबचे असे कामच नसेल, तर त्या यादीचाच क्लब होतो.

मुख्य काम कसे निवडायचे, ते माझ्या एका चुकीवरून सांगतो. पहिल्या वर्षी नेत्रतपासणी शिबिर घेतले. शाळेच्या सभागृहात दीडशेच्या आसपास माणसे तपासली, चाळीसेक जणांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सहा-सात महिन्यांनी त्या चाळिसांतल्या एक म्हाताऱ्या बाई गुडघ्याचे मलम घ्यायला दुकानात आल्या. विचारले, डोळ्याचे झाले का? नाही म्हणाल्या. पैशांचा प्रश्न नव्हता. मुलगा आखातात, सून नोकरीला. डिचोलीहून पणजीची बस, पणजीहून बांबोळीची दुसरी, तिथे केसपेपर, रक्तातील साखर तपासणी, ती जास्त निघाली तर पुन्हा तारीख, मग शस्त्रक्रिया, मग परत दाखवायला जायचे, घरी काही आठवडे वेळेवर थेंब घालायचे. “कोण येणार माझ्यासोबत?” एवढेच त्या म्हणाल्या. मग यादी घेऊन मी फोन लावत बसलो. निम्म्याहून जास्त लोकांची शस्त्रक्रिया झालीच नव्हती, आणि कारण थोड्याफार फरकाने तेच होते.

गोव्यात हे ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे, कारण बाहेरच्या राज्यांतल्या क्लबांचे उपक्रम आपण जसेच्या तसे उचलतो. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या पंधरा लाखांच्याही आत होती. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आहे, ज्याचा वारसा १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातो. दोन जिल्हा इस्पितळे आहेत. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत विमाकवच. म्हणजे डॉक्टर नाही म्हणून माणूस अडतो असे इथे कमी. तो अडतो घरापासून त्या डॉक्टरपर्यंतच्या वाटेवर. मुले जहाजावर, आखातात, इंग्लंडात, आणि मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे, किंवा एकच. कार्डाचे नूतनीकरण राहिलेले, मोबाईलवर आलेला ओटीपी वाचता येत नाही. इथे आणखी एक तपासणी शिबिर घेऊन काय साधणार?

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही शिबिर घेतलेच नाही. फक्त सोबत केली. ज्यांना इस्पितळात जायचे आहे आणि घरात कोणी नाही, अशा माणसाला घरून न्यायचे, रांगेत थांबायचे, डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून घ्यायचे आणि घरी सोडायचे. गॅरेजवाला आणि आणखी चार जण गाड्यांवर. तलाठी कार्डांवर. पहाटेच्या बाई सकाळी सहा ते आठ फोनवर: आज कोण जाणार, उपाशीपोटी यायचे का, कालचे थेंब घातले का. सुरुवातीला महिन्याला पाच-सहा फेऱ्या व्हायच्या. पेपरात फोटो नाही, कारण रांगेत बसलेल्या दोन माणसांचा फोटो कोण छापणार? पण सभेला येणारी माणसे दुपटीने वाढली, आणि ती मी बोलावली म्हणून आली नव्हती. त्यांच्याकडे सांगायला काहीतरी होते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. औषध बदलणे, सल्ला देणे, कागदावर सही करणे, यातले काहीही सदस्याने करायचे नाही. तो सोबती आहे, नातेवाईक नाही. आणि बाईमाणसाला न्यायचे असेल तर सोबत एक बाई हवीच. हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला.

तुमच्याकडे हेच काम चालेल असे नाही. फोंड्याजवळ औद्योगिक वसाहती आहेत, परप्रांतीय कामगारांची कुटुंबे आहेत. तिथे शाळेतल्या मुलांचे मराठी-कोकणी वाचन हे खरे काम असू शकेल. क्लबात तरुण किती, गाड्या किती, दिवसा मोकळे असणारे निवृत्त किती, यावर सगळे ठरते. शोधायची पद्धत मात्र तीच ठेवा: गेल्या तीन वर्षांतला एखादा गाजलेला उपक्रम घ्या, त्याची यादी काढा आणि त्या माणसांचे पुढे काय झाले ते फोन करून विचारा. जिथे धागा तुटलेला दिसेल तिथे तुमचे काम आहे. हा उद्योग जरा लाजवतो, तयारी ठेवा.

जोडीच्या छोट्या कामाचे एक उदाहरण देतो, कारण ते प्रत्येक क्लब करतो: रक्तदान. जवळजवळ सगळे १४ जून किंवा १ ऑक्टोबर धरतात, एक जागतिक दिन, दुसरा राष्ट्रीय. फोटोला छान. पण रक्त साठवले तर तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकाच आठवड्यात दहा शिबिरे आणि मग दोन महिने कोणी नाही, याचा इस्पितळाला काय उपयोग? एप्रिल-मेमध्ये कॉलेजे बंद, रक्तदाते गावी, लग्नसराई, नेमकी तेव्हाच चणचण भासते. रक्तपेढीला फोन करा आणि विचारा, ‘तुम्हाला कधी हवे?’ ते सांगतील ती तारीख घ्या. दात्यांची यादी आधीच तयार ठेवा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषाला दोन दानांमध्ये तीन महिन्यांचे अंतर, स्त्रीला चार. आपल्याकडच्या बऱ्याच बायका हिमोग्लोबिनवर परत जातात आणि खट्टू होतात. त्यांना आधी महिनाभर सांगून ठेवले तर तपासून, उपचार घेऊन येतात. हे यादी सांभाळण्याचे काम एका माणसाचे आहे, वर्षभराचे, घरबसल्या करता येण्यासारखे. सभेला न येणाऱ्या कोणालाही देता येईल अशी ही नक्कल.

आता ‘लक्षात राहणारे मोठे काम’. इथे मी तुम्हाला थोडे नाराज करणार. तुमच्या हातात एक वर्ष आहे असे वाटते, पण गोव्यात कामाचे महिने मोजून बघा. १ जुलैला आपले वर्ष उघडते, तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो. वनमहोत्सवाची चार झाडे लावली की लोक घरात. पुढे श्रावण, मग चवथ. चवथीच्या आधी आठ आणि नंतर आठ दिवस कोणाला फोनसुद्धा करू नका, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सामानात आणि पाहुण्यांत माणूस बुडालेला असतो. ऑक्टोबरात जमीन वाळते, पण पर्यटनाचा हंगाम सुरू होतो. हॉटेल, टॅक्सी, केटरिंगवाले सदस्य फेब्रुवारीपर्यंत हाताला लागत नाहीत. तुमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, जत्रांची रांग लागते, मग शिगमो, मग परीक्षा. मे महिन्यात लग्ने आणि मुंबईचे पाहुणे. जून उजाडला की आपले लक्ष पुढच्या अध्यक्षाकडे. सरळ सलग असे सहा महिनेही हाती येत नाहीत. त्यात निवडणूक लागली तर आचारसंहितेत शाळा-सभागृहाची परवानगी अडते, आणि आपल्या वाटपात कोणाचा तरी फोटो घुसवण्याचा प्रयत्न होतोच.

अशा वर्षात मोठे काम पुरे होत नाही, ते फक्त सुरू होते. पुढचा अध्यक्ष त्याला हात लावत नाही, कारण त्यालाही स्वतःचे लक्षात राहणारे काम हवे असते. आमच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूसारखे हे: दरवर्षी नवा आवाज, सकाळी नुसता कागद. रोटरीने पोलिओचे काम १९८५ मध्ये हाती घेतले. भारतातला शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ रोजी, हावड्यात, आणि देश पोलिओमुक्त जाहीर झाला २७ मार्च २०१४ ला. या एकोणतीस वर्षांत जागतिक अध्यक्ष दरवर्षी बदलला, काम बदलले नाही. एवढ्या मोठ्या संस्थेला जे एका वर्षात जमले नाही, ते फोंड्यातल्या क्लबाला जमावे असा हट्ट का?

तेव्हा आत्ताच, पद घेण्याच्या आधी, तुमच्यानंतर येणारा आणि त्याच्यानंतरचा संभाव्य, अशा दोघांना सोबत घेऊन बसा. तिघांनी मिळून एक काम तीन वर्षांसाठी ठरवा. पहिल्या वर्षी लहानसे, एका वाड्यापुरते. त्याचे प्रमुख अध्यक्ष नसावेत, दुसरे कोणीतरी, तीन वर्षे तेच. आमच्याकडे सोबतीचे काम टिकले ते माझ्यामुळे नाही, पहाटेच्या बाईंमुळे. अध्यक्ष येतात-जातात, बाईंचा फोन सहाला वाजतो. तुमचे नाव मागे राहणार नाही कदाचित. हे तुम्हाला चालेल की नाही, त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

पैशांविषयी. सदस्यांची वर्गणी आणि लोकांकडून घेतलेले पैसे, दोन खाती वेगळी ठेवा. लायन्समध्ये तो नियमच आहे, बाकीच्यांनीही पाळावा. लोकांनी रुग्णासाठी दिलेल्या पैशांतून सदस्यांच्या फेलोशिपचे जेवण झाले, अशी नुसती कुजबुज उठली तरी पाच वर्षे कोणी दार उघडत नाही. करसवलतीची (८०जी) पावती देत असाल तर लक्षात ठेवा, दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. ते दात्याला आधीच सांगा, मार्चमध्ये भांडण नको.

गोव्यात आणखी एक फसगत होते. परदेशातला कोणी गावकरी उदारपणे म्हणतो, मी पाच लाख पाठवतो. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःची बचत बँकेतून पाठवत असेल तर हरकत नाही. पण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर ती परदेशी देणगी ठरते, आजी-आजोबांचे घर इथे असले तरी. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसताना ती घेतली तर अख्खी संस्था अडचणीत येते. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. आणि कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे समाजकार्याच्या निधीवर, फार टेकू नका. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या तालुक्यातल्या क्लबांच्या देणग्या तर आटल्याच, ट्रक आणि बार्जवाले सदस्यही वर्गणी भरू शकत नव्हते. २०१८ मध्ये पुन्हा तेच. सोबतीच्या कामाला पेट्रोलापलीकडे खर्च नव्हता, म्हणून ते तगले.

सभांविषयी एक निरीक्षण सांगतो, पटेल तर घ्या. आपण विचार कोकणीत करतो, पेपर मराठी वाचतो आणि क्लबची सभा इंग्रजीत चालवतो. का, ते मला कधी कळले नाही. त्या गॅरेजवाल्याने सभेत सात वर्षे तोंड उघडले नव्हते. आम्ही कार्यवृत्त सोडून बाकी सगळे मराठी-कोकणीत सुरू केले, आणि दुसऱ्याच सभेत तो वीस मिनिटे बोलला. ठीक आहे, थोडे जास्तच बोलला. सभाही दर आठवड्याला हवीच असे नाही. रोटरीत २०१६ पासून महिन्याला किमान दोन सभा पुरतात. त्यांतली एक कामाच्या जागी घ्या.

तुम्ही पहिल्या महिला अध्यक्ष, म्हणून हेही. लायन्सने १९८७ मध्ये आणि रोटरीने १९८९ मध्ये स्त्रियांना सदस्यत्व खुले केले. तरी आपल्या कित्येक क्लबांत बायका अजून ‘सदस्याची पत्नी’ म्हणूनच वावरतात. शिबिरात नाश्ता, नोंदणी, रांग सगळे त्या बघतात आणि मतदानाचा हक्क नवऱ्याला. तुमच्या ३८ जणांच्या घरांत अशा राबणाऱ्या किती आहेत, ते मोजा. नवे सदस्य शोधायला बाहेर हिंडण्याआधी त्यांना विचारा. काही जण भुवया उंचावतील. उंचावू द्या.

माजी अध्यक्षांचे काय करायचे, हे तुम्ही विचारले नाही, पण विचाराल. त्यांना सल्लागार करू नका, काम द्या. सल्लागाराला बोलण्यावाचून काम नसते. आमच्या एका रागीट माजी अध्यक्षांना इस्पितळातल्या खिडकीवर उभे केले. त्यांचा आवाज तिथे फार उपयोगी पडला. आमदार आणि सरपंचांना मान द्या, कार्यक्रमाला बोलवा, पण लाभार्थ्यांची यादी त्यांच्या कार्यालयातून येऊ देऊ नका. एकदा आली की दुसऱ्या पक्षाच्या घरातला म्हातारा तुमच्या गाडीत बसत नाही.

हे सगळे ३८ जणांना लागू पडेल का? नाही. माझ्या अनुभवात एक तृतीयांश माणसे काही केले तरी येत नाहीत. कोणाचे घरी आजारपण, कोणी नुसते ओळखीसाठी सदस्य झालेले. त्यांच्याकडून वर्गणी घ्या, चवथीला शुभेच्छा द्या आणि त्यांच्यामागे लागू नका. चाराचे चौदा झाले तरी तुमचा क्लब ओळखू येणार नाही इतका बदलेल.

राहिला हॉल. मोठा घेऊ नका. पदग्रहण ऐन पावसात येते, निम्मे निमंत्रित छत्री घेऊन निघायचा कंटाळा करतात, आणि आठशे खुर्च्यांत दीडशे माणसे बसली की पहिल्याच दिवशी तुमचा चेहरा पडतो. दोनशे खुर्च्यांचे सभागृह पुष्कळ झाले. साडेसहा लिहिले असेल तर साडेसहाला सुरू करा, प्रमुख पाहुणे पोचले नसले तरी. भाषणे तीन. आणि कार्यकारिणीची नावे वाचून दाखवतात त्या वेळी पदाऐवजी प्रत्येकाचे काम वाचा: अमुक, दुसऱ्या मंगळवारची गाडी; तमुक, रक्तदात्यांची वही. जेवणात सोलकढी ठेवा, पावसातही संपते.